बावन्न नंबरचं दुसरं टोक

"नळीवरचा अंगठा काढू नकोस गं!" गवंडी ओरडला. "पाणी सांडलं तर सगळं मुसळ केरात!"

पाण्यानं भरलेल्या पारदर्शक नळीचं तोंड मुठीत दाबून त्याची पोरगी डोंगराच्या दोन टोकांमधल्या अरुंद धारेवरून बसत, सरकत चालली होती. दोन्ही बाजूंना कडा तुटलेला, आणि खालच्या दरीतून धुकं वर चढत होतं. पोरगी दवाखान्यात नर्स. बापाच्या हट्टापायी एक सुट्टी घालवून आली होती. गवंडी अलीकडच्या टोकावर नळीचं दुसरं तोंड धरून उभा होता. याच नळीनं त्यानं चाळीस वर्षं भिंतींची पातळी काढली होती.

या भागात हजार मीटरच्या वरचे बासष्ट डोंगर. बहुतेकांना नावही नाही, नुसते नंबर; गुराखी सोडले तर तिकडे कुणी फिरकत नाही. गवंडी आणि त्याची बायको सव्वीस वर्षं सुट्टीसुट्टीला त्यातला एकेक चढले. घरी आल्यावर बायको वहीत दोघांच्या नावापुढे खूण करायची. शेजारी म्हणायचे, या दोघांना घर खायला उठतं वाटतं! बासष्टावी खूण झाली आणि वर्षभरात तिचे गुडघे गेले. आता ती जिनाही उतरत नव्हती. "बासष्ट केलेत मी," एवढं मात्र डॉक्टरलाही ऐकवायची.

मग या डोंगरांची नवी यादी आली. तिच्यात बावन्न नंबरपुढे प्रश्नचिन्ह होतं: दोनपैकी कुठलं टोक उंच, नक्की नाही.

बावन्न नंबर चढले तेव्हा बायको इथेच उभी राहून म्हणाली होती, "जाऊन येऊ या ना पलीकडे. अठरा पावलं तर आहेत." आणि हा म्हणाला होता, "ते खाली आहे. गवंड्याच्या डोळ्याला पातळी शिकवू नकोस." यादी वाचल्यावर त्यानं जुनी नळी बाहेर काढली.

"पोचले!" पोरगी ओरडली. "बाबा, इकडून समुद्र दिसतो! सगळा!"

"समुद्र राहू दे. काठी सरळ धर. आता सोड अंगठा."

दोघांच्या काठ्यांवर सारख्याच खुणा होत्या. नळीतलं पाणी वरखाली झालं आणि थांबलं.

"माझ्याकडे तीन फूट. तुझ्याकडे?"

पोरीनं वाकून खूण पुन्हा पाहिली.

"अगं, किती?"

"दोन फूट आठ इंच."

पाणी दोन्हीकडे एका पातळीत राहतं. ज्या काठीवर ते खाली, तिच्याखालचा खडक वर. त्यानं तीनदा मोजायला लावलं. नळीत बुडबुडा शोधला. एक जरी सापडला असता तरी त्यानं देवाला हात जोडले असते.

"आईला सांगू, सारखंच आहे म्हणून," पोरगी म्हणाली. "चार इंचांनी काय आभाळ कोसळतंय?"

"चार इंचांसाठी मी बांधलेल्या भिंती पाडल्यात."

"मग तुम्ही तरी या इकडे. तुमचे तरी बासष्ट होतील. लवकर, धुकं आलं!"

त्यानं एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. "तिला नेलं नाही तेव्हा. आता एकटा कुठल्या तोंडानं येऊ? परत ये. जपून."

पोरगी धुक्यात दिसेनाशी झाली. नळी ताणली, सैल पडली, पुन्हा ताणली. तिचा गार हात हातात येईपर्यंत त्याच्या जिवात जीव नव्हता.

घरी बायको खिडकीपाशी वही घेऊन बसली होती.

"कुठलं उंच?"

"पलीकडचं. चार इंच. माझा डोळा चुकला गं."

तिनं वही उघडली. "आणि तुम्ही? गेलात ना तिकडे?"

"नाही."

"अठरा पावलं होती!" ती भडकली. "खुळे आहात का? एकाचे तरी झाले असते!"

तो मान खाली घालून बूट सोडत राहिला. तिनं बावन्नावं पान काढलं. आधी स्वतःची खूण खोडली. त्याच्या खुणेवर पेन थांबलं, मग तीही खोडली. खाली एकदाच लिहिलं, एकसष्ट.

"तू गेली होतीस ना," तिनं पोरीला हळूच विचारलं. "काय दिसतं गं तिकडून?"

पोरीनं बापाकडे पाहिलं.

"धुकं होतं, आई. काही म्हणजे काही दिसलं नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि तिनं वही मिटली.

चार इंचांसाठी भिंती पाडणारा गवंडी काहीच बोलला नाही. त्यानं नळी उचलली, मोरीत नेऊन तिच्यातलं पाणी ओतून टाकलं, आणि ती पुसत बराच वेळ तिथेच उभा राहिला.