रुसकी वेळेआधी उमलली

सगळ्यात आधी तिला खटकल्या त्या कळ्या. कळ्या लवकर धरल्या म्हणून कुणी तक्रार करतं का? पण ही बाई करत होती. घरामागच्या बागेत, शेवटच्या वाफ्यापाशी कमरेवर हात ठेवून ती ॲस्टरच्या रोपांकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावरची आठी काही जात नव्हती. शेजारच्या वाफ्यातली झिनिया अजून हिरव्या गुंड्यांवरच होती. कॉसमॉसला तर कशाचीच घाई नव्हती. आणि ही ॲस्टर, तिची रुसकी, जी दरवर्षी बाकीच्यांची फुलं तोडून संपत आली की मग कुठे डोळे उघडायची, ती यंदा सगळ्यांच्या पुढे.

"यंदा फार लवकर आलीय," ती घरात येऊन नवऱ्याला म्हणाली.

नवरा घड्याळजी होता. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल, टेबलावर चिमटे, ब्रश आणि पोटं उघडून ठेवलेली घड्याळं. डोळ्यावरचं भिंग न काढताच तो म्हणाला, "चांगलंच आहे की. एरवी तूच म्हणतेस, फार वाट बघायला लावते."

"म्हणते. पण म्हणून ती कधी ऐकते का?"

तो हसला. हसला म्हणजे जरा जास्तच हसला, पण ते तिला नंतर आठवलं.

रुसकी हे नाव तिनंच ठेवलेलं. खूप वर्षांपूर्वी मिश्र बियांच्या एका पुडीतून हे विचित्र रंगाचं रोप उगवलं होतं. फिकट राखाडी जांभळं फूल, आणि प्रत्येक पाकळीच्या पाठीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी गडद रेघ. तिनं त्याचं बी धरलं. पुढच्या वर्षी त्यातून निम्मी रोपं भलतीच निघाली, ती फूल दिसताक्षणी उपटली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कितीतरी हंगाम तिनं डोळ्यांत तेल घालून ही निवड केली, तेव्हा कुठे वाफाच्या वाफा एका रंगाचा होऊ लागला. हे फूल फुलदाणीत ठेवलं की इतकं टिकायचं की शेवटी पाण्याला वास सुटायचा, पण फूल तसंच. अशी रुसकी दुसरीकडे कुठे नव्हती. नाक्यावरची फुलवाली तिची जुनी मैत्रीण. तिनंही अनेकदा मागून पाहिलं.

"अगं, चिमूटभर बी दे. माझ्या भावाच्या शेतात लावते."

"फुलं हवी तेवढी ने. बी मिळणार नाही."

या बाबतीत बाई चिक्कू होती, आणि तिला ते मान्यही होतं. पोरगी सासरी पाठवताना जेवढी रडली नसेल, तेवढी ती चिमूटभर बियांसाठी भांडली असती. आणि ॲस्टरचं बी फार दिवस टिकत नाही. गेल्या हंगामाचं या हंगामात पेरायचं, नाहीतर ते उगवत नाही. त्यामुळे ती दर वर्षी सगळंच्या सगळं पेरायची. मागे काही ठेवून उपयोग काय, असा तिचा हिशेब.

यंदा पेरणी झाली, ट्रेमध्ये कोंब वर आले, काच झाकली, आणि नेमका मुलीचा फोन आला. दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. आईनं लगेच यायला हवं होतं. आई निघाली. पण निघण्याआधी नवऱ्याला ट्रेपाशी उभं करून तिनं सगळं समजावलं.

"बोट मातीत घालून बघायचं. ओल लागली तर पाणी नाही. कोरडी लागली तरच, आणि तेही खालून, बशीत. दुपारी काच सरकवायची, म्हणजे वारा लागतो. पानं वाढली की शेंडा नखानं खुडायचा, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात."

"समजलं."

"काय समजलं?"

"बोट, बशी, काच, नख," तो म्हणाला. आयुष्यभर इवल्याशा चाकांशी खेळलेला माणूस. याच्याहून काळजीनं काम करणारा सबंध गल्लीत कुणी नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती गाडीत बसली.

मुलीकडे मग तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बाळ झालं, छान झालं, पण लहानसं होतं आणि रडायचं फार. त्या सगळ्या धावपळीत दिवसातला एकच निवांत तुकडा म्हणजे नवऱ्याचा फोन. तो रोज करायचा, ठरल्या वेळी, आणि आधी बाळाची चौकशी करून मग रोपांचं सांगायचा. आज तिसरं पान निघालं. आज ट्रेमधून वाफ्यात लावली. आज शेंडे खुडले, हाताला कसा कडवट वास येतो गं. ती ऐकायची आणि हसत मुलीला सांगायची, "तुझे बाबा माळी झाले बघ." मुलीच्या सासूलाही सांगायची. दूध घालायला येणाऱ्यालासुद्धा तिनं एकदा सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या बागेबद्दल हा माणूस इतकं कधी बोललेला तिला आठवत नव्हता. ती हुरळून गेली होती, दुसरं काय.

परत आली तेव्हा वाफा बघून डोळे निवले. रोपं ठेंगणी, भरगच्च, एकसारखी. तिनं वाकून शेंड्याच्या खुणा पाहिल्या. सगळ्या एकाच उंचीवर, एकाच दिवशी खुडल्यासारख्या. ती मनात म्हणाली, घड्याळजीच तो, मोजून खुडली असतील. एवढी बोलकी खूण समोर होती, पण बाई ती कौतुकानं बघत बसली. रोपांना आधाराला दोऱ्या बांधल्या, खालची पिवळी पानं काढली, आणि नवऱ्याला त्या दिवशी आवडीची भाजी केली.

आणि आता या कळ्या.

दोन-तीन दिवसांत पहिलं फूल उमललं. गुलाबी. चांगलं टपोरं, भरलेलं, लग्नाच्या मांडवात शोभेल असं गुलाबी. तिनं पाकळी उलटून पाहिली. पाठ कोरी. तिला वाटलं, एखादं भलतं रोप असेल, अजूनही निघतं अधूनमधून. सवयीनं हात बुंध्याकडे गेलाही, उपटायला. पण तेवढ्यात शेजारच्या रोपावर दुसरं दिसलं, तेही गुलाबी. पलीकडे पांढरं. त्याच्या पलीकडे पुन्हा गुलाबी. ती एकेका कळीचं टोक बोटांनी उघडून बघत वाफाभर फिरली. रुसकी एकही नव्हती.

तरीसुद्धा तिनं दोष कुणाला दिला? स्वतःला. बी धरताना आपलंच काहीतरी चुकलं, डबी बदलली, वय झालं. नवऱ्यावर शंका घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. फुलं कापून, पानं काढून, जुडी ओल्या कापडात गुंडाळून ती फुलवालीकडे गेली. रडू आलं तर मैत्रिणीपुढे यावं, एवढाच हेतू होता.

फुलवालीनं जुडी हातात घेतली, देठ तिरपे कापले आणि बादलीत सोडले.

"छान आलीत गं. दांडीही लांब आहे."

ती बघत राहिली. वर्षानुवर्षं या बाईनं रुसकीसाठी तिच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. हंगाम सुरू झाला की पहिला प्रश्न, रुसकी आली का? आणि आज शेवटच्या वाफ्यातून गुलाबी ॲस्टर आले, तर हिनं साधी भुवईही उचलली नाही.

"तुला आश्चर्य नाही वाटलं?" तिनं विचारलं.

"कशाचं?"

"ही रुसकीच्या वाफ्यातली आहेत."

फुलवाली बादलीतली फुलं उगाच सारखी करत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी अजून सांगितलं नाही तुला?"

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, तसं काही झालं नाही. दुकान जागच्या जागी होतं, रस्त्यावरून माणसं जात होती. फक्त तिला बसावंसं वाटलं, आणि फुलवालीनं पुढे केलेल्या स्टुलावर मात्र बसवेना.

"काय सांगायचं होतं?"

"अगं, रोपं गेली सगळी. तू गेलीस आणि आठवड्याभरात. बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. बिचारे माझ्याकडे आले, तोंड एवढंसं झालेलं. मीच माझ्या भावाच्या नर्सरीतून ट्रे आणून दिले. तू तिकडे पोरीच्या काळजीत, तुला कशाला घोर, म्हणून म्हटलं..."

"आणि मी आल्यावर?"

"आल्यावर तू इतकी खूश होतीस," फुलवाली म्हणाली.

ती घरी आली. केसानं गळा कापणं म्हणजे काय, हे तिला रस्ताभर समजत होतं. शत्रू असता तर तिनं सुरी ओळखली असती. हे दोघं तिची काळजी करणारे, आणि दोघांनी मिळून तिला महिनोन्महिने बाहुलीसारखं नाचवलं. तिच्या हातून दोऱ्या बांधून घेतल्या. भाजी करून घेतली. तिच्याच बागेत तिला परकं केलं. तिला लाज वाटत होती, रागाहून जास्त. आपण दूधवाल्यालासुद्धा सांगत होतो, हे आठवून तिचे कान तापले.

नवरा टेबलापाशीच होता. ती समोर उभी राहिली तसं त्यानं भिंग काढलं. तिच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं.

"फुलवालीकडे गेली होतीस."

"रोपं कशानं गेली?"

"पाणी जास्त झालं."

"बोट घालून बघितलं नाहीत?"

"माझ्या बोटाला माती लागून चालत नाही गं. नखात एक कण राहिला तरी घड्याळ बंद पडतं. म्हणून मी वेळ ठरवून घेतली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एकही वेळ चुकवली नाही."

हे खरं होतं, तिला माहीत होतं. ओल असो वा नसो, काट्यावर काटा आला की हा माणूस झारी घेऊन उभा राहिला असणार. एवढ्या निष्ठेनं कुणी रोपं मारली नसतील. तिला जवळजवळ हसू आलं. इथे जर तो थांबला असता, तर कदाचित तिनं ते सोडूनही दिलं असतं.

"सगळी एकदम गेली?" तिनं विचारलं.

त्यानं भिंग पुसायला घेतलं.

"अहो, मी विचारतेय. एक तरी राहिलं होतं का?"

"कोपऱ्यातली होती," तो म्हणाला. "चार-पाच. तग धरून."

"मग ती कुठे आहेत?"

"नवी रोपं मोठी होती. ही त्यांच्यात बारकी, वेगळी दिसली असती. तू आल्या आल्या ओळखलं असतंस." त्यानं समोरचा चिमटा उचलला आणि परत ठेवला. "म्हणून मातीसकट टाकून दिली."

ती खुर्चीवर बसली. मेलेल्याचं तिला काही वाटेना. मेलं ते मेलं, बागेत मरतंच. पण कोपऱ्यात ती चार-पाच उभी होती. त्यातलं एक जरी वाढलं असतं, तरी ओंजळभर बी निघालं असतं. काच काढा, पाणी बंद करा, वाऱ्याला ठेवा, एवढंच सांगायचं होतं आणि ते फोनवरून सांगता आलं असतं. याच्या थापेत ती चार-पाच बसत नव्हती, म्हणून यानं जिवंत रोपं फेकली.

"चिडून घे," तो म्हणाला. "काय हवं ते बोल. पण अशी गप्प नको बसू."

"टाकलीत त्या दिवशी फोन केला होतात?"

"रोज करायचो."

"काय सांगितलंत मला?"

त्याची स्मरणशक्ती चांगली होती, आणि आता खोटं बोलण्यात अर्थ उरला नव्हता. "म्हणालो, सगळी छान आहेत. अगदी एकसारखी."

"आणि मी?"

टेबलावरची घड्याळं आपापल्या वेळा दाखवत होती.

"मी काय म्हणाले, ते सांगा."

"तू म्हणालीस," तो सावकाश म्हणाला, "बरं झालं, माझी रुसकी तुमच्या हातात आहे."