‘थ्री फेज’ची आरोळी

आमच्या ‘गाळप’चा अल्बम इंटरनेटवर आला तेव्हापासून लोक एकच विचारतात, शेवटचं गाणं मधेच का तुटलंय? एकानं तर लिहिलंय, एडिटिंग करणाऱ्या गाढवाला कुणीतरी कामावरून काढा. ते गाढव मी. त्रिशला. गाणाऱ्या जिनदत्तची थोरली बहीण, आणि आमच्या वडलांच्या, आप्पांच्या मागं सांगलीतली ‘शांती साऊंड सर्व्हिस’ चालवणारी. मला कामावरून कोण काढणार, मालकीण मीच आहे. तर ऐका आता, का तुटलंय ते.

‘गाळप’ म्हणजे आमचा रॉक बँड. जिनू गायचा आणि गिटार वाजवायचा, शंभूराज ड्रमवर, धुळा बेसवर. तिघं कॉलेजपासूनचे दोस्त. ऊस, एसटी, बोअरचं पाणी, असल्या विषयांवर छाती फुटेस्तोवर ओरडणारी दुसरी पोरं आमच्या भागात नाहीत. सुरुवातीला लोक घरी येऊन ‘वरातीत वाजवता का’ विचारायचे. मी हाकलून द्यायची. एवढी वर्षं झाली तरी ह्यांचं एक रेकॉर्डिंग नव्हतं, लोकांनी मोबाइलवर काढलेले फुटके व्हिडिओ तेवढे. एकदा पुण्याला स्टुडिओत नेलं. काचेच्या खोलीत उभा केल्यावर जिनूचा आवाज असा बसला की तिथला माणूस मला म्हणाला, मॅडम, गायक कधी येणार? जिनू बाहेर आला नि म्हणाला, “अक्का, समोर माणूस लागतं गं. भिंतीला काय सांगू मी?”

म्हणून ठरलं की दौऱ्यातच रेकॉर्ड करायचं. खंडाळा, औंध, तासगाव असे तीन कार्यक्रम हातात होते. तिन्हीकडं मी सगळं टिपणार, आणि चांगलं चांगलं निवडून अल्बम करणार. शेवटी ‘थ्री फेज’. हे त्यांचं सगळ्यात मोठं गाणं. रात्री रानात लाइटची वाट बघत बसलेला माणूस. लाइट येते, मोटर सुरू होते, आणि तो आरोळी देतो. त्या आरोळीला शब्द नाहीत. नुसता आवाज, वर वर चढत जाणारा. ती आरोळी जिनूनं दिली की माझ्यासारख्या बाईच्याही अंगावर काटा यायचा, आणि मी ती शंभर वेळा ऐकलेली.

दौऱ्याच्या आधी त्याचा घसा बसायला लागला. आम्ही हळदीचं दूध, ज्येष्ठमध, सगळं केलं. मग मिरजेला दाखवलं. घशातला तुकडा तपासायला गेला, आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बसवून सांगितलं. स्वरयंत्राचा कॅन्सर. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, गळ्याला श्वासासाठी भोक पाडावं लागेल. “म्हणजे बोलणं?” मी विचारलं. डॉक्टरांनी नकाराची मान हलवली, तेव्हा कळलं. ज्या पोरानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याला हे! मी तिथंच देवाला असल्या शिव्या दिल्या की नर्स आत डोकावली.

ऑपरेशनची तारीख तासगावच्या कार्यक्रमानंतरची मिळाली. डॉक्टर म्हणाले, तोवर गाणं बंद, अजिबात नाही. जिनूनं शहाण्यासारखी मान हलवली. गाडीत बसल्यावर म्हणाला, “खंडाळ्याला किती वाजता निघायचं?”

मी भांडले. गाडी रस्त्याच्या कडेला लावून भांडले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “अक्का, तो आवाज त्ये काढून बादलीत टाकणार हाईत. त्याआधी मला तो कुटंतरी ठेवायचाय. एकदा ‘थ्री फेज’ पुरतं घे. आरोळीसकट. मग काय कापायचं ते कापू देत.”

वर त्यानं शप्पथ घातली. शंभूराज आणि धुळा सोडून कुणाला सांगायचं नाही. का, तर लोकांना कळलं की टाळ्या दयेच्या येतात, आणि दयेची टाळी रेकॉर्डमध्ये ओळखू येते म्हणे. मी म्हटलं, तू महामूर्ख आहेस. पण शप्पथ घेतली.

खंडाळ्याला कॉलेजचं गॅदरिंग. पोरं नाचून नाचून वेडी झालेली. आणि काय सांगू, जिनूच्या आवाजाला तेव्हा अशी धार आली होती, खरखरीत, आतून फाटणारी. एक पोरगी मला म्हणाली, “सरांचा आवाज काय सॉलिड झालाय ना, पूर्वीपेक्षा पण भारी!” ती माझ्या भावाच्या रोगाचं कौतुक करत होती, आणि तिला बिचारीला काय माहीत. ‘थ्री फेज’ आलं, आरोळी सुरू झाली, आणि निवेदकानं आपला माईक उचलला. “पांढऱ्या रंगाची स्कॉर्पिओ गेटसमोर लावलेली आहे, कृपया ताबडतोब काढून घ्यावी.” कर्ण्यातून निघालेलं ते वाक्य जिनूच्या माईकमध्ये शिरलं. आरोळी आणि स्कॉर्पिओ एकमेकांत अशी कालवली गेली की वेगळी करता येईना. मी मिक्सर सोडून त्या निवेदकाकडं धावले. धुळानं मला धरलं म्हणून तो वाचला.

औंधला यमाईच्या डोंगराखाली कार्यक्रम. तिथं कुणी मधे आलं नाही. तिथं घशानंच दगा दिला. दुसऱ्या कडव्याला जिनू थांबला, पाठ फिरवून रुमालात खोकला, आणि शंभूराजनं वेळ मारून न्यायला ड्रम सोलो लांबवला. आरोळी झालीच नाही. गाडीत मी तो रुमाल बघितला. “बास झालं,” मी म्हटलं. “तासगाव रद्द.” जिनू रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, आवाज न करता रडत होता, कारण आवाज त्याला वाचवायचा होता. मग मी कसलं रद्द करते!

तासगावात दादासो आण्णांनी बेदाण्याचं नवीन शेड बांधलं होतं, त्याचं उद्घाटन. आण्णा म्हणजे साठी उलटलेला दणकट गडी, डोक्याला भगवा फेटा, आणि गाण्याचा भारी शौक. तमाशा म्हणू नका, भजन म्हणू नका, कुठंही पहिल्या रांगेत. ‘गाळप’ला गावोगावी कुणी ओळखत नव्हतं तेव्हा ह्यांनी यात्रेत उभं केलेलं. आम्ही पोचलो तर शेडचं अंगण झाडून, पाणी मारून तयार. दिवस बुडायच्या आत आम्हाला जेवायला बसवलं, रात्री न जेवायचा आमचा जैनांचा नेम त्यांना ठाऊक. जिनूनं नुसता ताकभात गिळला, तोही कसाबसा. आण्णा म्हणाले, “आवं खा की पोटभर, आरडायचंय!”

कार्यक्रमाच्या आधी मी आण्णांना बाजूला घेतलं. शप्पथ मोडून सगळं सांगायचं जिभेच्या टोकाशी आलेलं. पण जिनू स्टेजवरून माझ्याकडंच बघत होता. मी एवढंच म्हटलं, “आण्णा, शेवटच्या गाण्याला स्टेजवर कुणाला चढू देऊ नका. सत्कार न्हाई, अनाउन्समेंट न्हाई, कायच न्हाई. हात जोडते.”

“कोण चढतंय बघतो,” आण्णा म्हणाले. “मी सोता पायरीपाशी उभा ऱ्हातो. आमदार आला तरी खाली बसवीन.”

आणि ते राहिले उभे. गड्यानं शब्द पाळला. कुणी एक शाल-नारळ घेऊन आला, त्याला दंडाला धरून मागं नेऊन सोडला. एकानं निवेदकाच्या माईकला हात घातला, त्याच्यावर डोळे वटारले. मी मिक्सरवर बसून आण्णांना मनातल्या मनात आशीर्वाद देत होते.

त्या संध्याकाळी जिनू असा गायला की देवा रे. सगळी गाणी स्वच्छ. धुळाच्या डोळ्याला पाणी, शंभूराज दात आवळून वाजवतोय. ‘थ्री फेज’ सुरू झालं. पहिलं कडवं. दुसरं, जिथं औंधला अडलं होतं, तेही पार. अंगण गप्प. लेकुरवाळ्या बायकासुद्धा उभ्या राहिलेल्या. मग ड्रम थांबला, आणि जिनूनं आरोळी घेतली.

ती खालून सुरू झाली. चढायला लागली. चढ रे माझ्या राजा, मी म्हणत होते, अजून थोडं, मिळालं, मिळालं आपल्याला.

अल्बममध्ये मी गाणं जिथं तोडलंय, ते इथं.

आण्णांना राहवलं नाही. आमच्याकडं मनाला भिडलं की माणूस गाणं संपायची वाट बघत नाही, तिथल्या तिथं उठून दाद देतो. ज्यांनी सगळ्यांना अडवलं, ते स्वतः पायऱ्या चढले. स्वतःला त्यांनी त्या ‘कुणाला’मध्ये धरलंच नव्हतं. डोळ्यातून धारा लागलेल्या. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी जिनूच्या डोक्यावर ठेवला, आणि “वा रं पठ्ठ्या!” म्हणून त्याला छातीशी कवटाळलं. माईक दोघांच्या मधे चिरडला. माझ्या कानात कापडाची खसखस, बटणाचा खटका, आणि आण्णांच्या सदऱ्यात गुदमरणारा माझा भाऊ.

आण्णांनी सोडलं. जिनूनं माईक सावरला. फेटा सरळ केला. आणि काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, “धन्यवाद, आण्णा.” वाकून पायाही पडला. मग पुन्हा आरोळी द्यायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. मानेच्या शिरा तटतटलेल्या, आणि आवाज नाही. लोकांना वाटलं, पोराचं ऊर भरून आलंय. जन्मात ऐकली नाही एवढी टाळी पडली. खरी टाळी, एका टाळीतसुद्धा दया नाही. मी मिक्सरखाली डोकं घालून ओरडले, आणि त्या टाळ्यांत माझं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही.

ऑपरेशन झालं. जिनूच्या गळ्याला भोक, नाकात नळी. तो हातवारे करायचा आणि मला कळायचे नाहीत, मग मी त्याच्यावर चिडायची, मग बाहेर जाऊन रडायची. असे दिवस.

एका दुपारी आण्णा आले. हातात बेदाण्याचं खोकं. “शंभूराज म्हनला, घशाचं कायतरी आपरेशन झालंय. सांगायचं न्हाई व्हय? खास हिरवा माल आणलाय.” खोकं त्यांनी नळी लावलेल्या माणसाच्या उशाशी ठेवलं. जिनू हसला. मला कळेना की हसू आणतो कुठून हा.

“ते फेट्याचं रेकाडिंग ऐकवा की,” आण्णा मला म्हणाले. “घरच्यांस्नी सांगून सांगून दमलो.”

मी फोनवर लावलं. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. आरोळी चढली, “वा रं पठ्ठ्या” आलं, खसखस आली. आण्णा लाजले, हसले. मग “धन्यवाद, आण्णा” आलं, आणि टाळ्या. त्यांनी डोळे उघडले. “आरोळी मधीच राहिली काय माझ्यामुळं? चुकलंच गड्या. काय काळजी करू नको. बरा झालास की परत माझ्याच शेडमधी गा. तवा मी खाली बसतो, देवाची आण.”

आणि जिनूनं मान हलवली. हो म्हणून! वर माझ्याकडं असं बघितलं, म्हणजे ‘सांगू नकोस’. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. एकदा गप्प बसले, आणि गप्प बसून काय मिळालं? ज्याच्यासाठी गप्प बसले तेच गेलं.

“आण्णा,” मी म्हटलं, “त्याला कॅन्सर होता. स्वरयंत्र काढलंय त्याचं. तो आता गाणार न्हाई. बोलणारबी न्हाई. तुमच्या शेडमधलं ते त्याचं शेवटचं गाणं.”

जिनूनं भिंतीकडं तोंड केलं. आण्णांनी त्याच्या गळ्याकडं बघितलं. मला वाटलं, रडतील, पाया पडतील, मला दोष देतील, ‘आधी का न्हाई सांगितलंस पोरी’ म्हणतील. म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, “परत लाव.”

मी लावलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, ड्रम थांबला. जिनूचा आवाज खालून उठला आणि चढायला लागला. आण्णांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मग दुसरा हात त्याच्यावर. बोटं गालात रुतली. आवाज चढत होता, आणि आण्णा जोरजोरात मान हलवत होते, न्हाई, न्हाई.

फोनमधले आण्णा ओरडलेच. “वा रं पठ्ठ्या!”