‘जलबंदी’ची बलस्थाने आणि उणिवा

शेफाली एका मराठी संकेतस्थळासाठी दर शुक्रवारी चित्रपट परीक्षण लिहायची. सकाळचा पहिला खेळ बघायचा आणि दुपारी चारपर्यंत मजकूर द्यायचा. खाली दोन ठरलेली उपशीर्षकं, ‘बलस्थाने’ आणि ‘उणिवा’, आणि शेवटी तारे. सहा वर्षांत तिचं कधी अडलं नव्हतं.

त्या शुक्रवारी नवरा, ऋषी, तिच्याबरोबर येणार होता, पण ऐनवेळी त्याची मीटिंग निघाली. त्याच्या तिकिटावर तिनं सासऱ्यांना नेलं. हिंदुराव अडुसष्ट वर्षांचे, मूळचे हिंजवडीचे शेतकरी. त्यांच्या शेतावर आता काचेच्या इमारती होत्या. चित्रपटगृहात ते वीसेक वर्षांनी पाऊल ठेवत होते.

‘जलबंदी’ची गोष्ट सन २०९१ मधली होती. एका कंपनीच्या ताब्यात आख्खं शहर, लोकांच्या मनगटावर आकडे आणि त्या आकड्यावर मोजून पाणी. नायक कंपनीचाच जुना पहारेकरी. शेफाली अंधारात फोनवर टिपणं घेत होती. धुळीनं माखलेलं शहर अप्रतिम. नायिकेला काहीच काम नाही. मध्यंतराच्या जरा आधी एक प्रसंग आला. कंपनीचा अधिकारी शहराबाहेरच्या एका गावात येतो, ओट्यावर बसून चहा पितो आणि चहा संपेपर्यंत सगळं गाव आपल्या विहिरी कंपनीला लिहून देतं. एकही माणूस नाही म्हणत नाही. शेफालीनं टिपलं: अजिबात पटत नाही. पटकथेतलं सर्वांत मोठं भोक.

मध्यंतरात हिंदुरावांनी विचारलं, “तो चहा पिणारा सायब वाईट दाखवलाय का?”

“हो मामा, तोच खलनायक आहे.”

“असंय व्हय,” म्हणून ते मक्याच्या लाह्या खात बसले.

शेवटी धरणावर वीस मिनिटांची हाणामारी झाली, संवादाशिवाय. नायकानं दरवाजे उडवले आणि पाणी कोरड्या शिवारात शिरलं. हिंदुराव जागेवरून उभे राहिले. त्यांना बाहेर जायचं असेल असं वाटून शेफालीनं पाय आखडून वाट करून दिली. पण ते तसेच उभे राहिले. मागच्या माणसानं “काका, आम्हीही तिकीट काढलंय,” म्हटल्यावर खाली बसले.

घरी येताना गाडीत तिनं सहज विचारलं, “कसा वाटला?”

“चहाचा भाग तेवढा खरा हाय.”

“तो? मला तर तोच खोटा वाटला. कुणीच कसं विरोध करत नाही?”

हिंदुराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आमच्याकडं जागा घ्यायला माणूस आला तवा आसंच झालं. गोड माणूस. माझ्या आईनं त्याला पिठलं-भाकरी वाढली. त्याचा हात वाळायच्या आत आमच्या सह्या झाल्या. न्हाई म्हणायचं कुणाला सुचलंच न्हाई.”

शेफालीनं गाडीचा वेग कमी केला. “तुम्हाला वाईट वाटतं त्याचं?”

“वाईट काय झालं? घर झालं. ऋषी शिकला. तू आलीस.”

“मग उभे का राहिलात?”

“पाणी आलं म्हणून. ते मातर खोटं हाय. आसं कुणी येऊन पाणी सोडत न्हाई. पण बघाय बरं वाटलं.”

घरी येऊन ती लिहायला बसली. चहाचा प्रसंग तिनं उणिवांमध्ये घातला, मग उचलून बलस्थानांमध्ये ठेवला. तिथंही तो बसेना. धरणाचा प्रसंग बलस्थान होता, पण आता तो खोटाही होता आणि बघायला बराही. तिनं ऋषीला फोन केला.

“पप्पा असं म्हणाले?” ऋषी म्हणाला. “अगं, सह्या झाल्या त्या दिवशी त्यांनी गावभर पेढे वाटले होते. मी स्वतः तीन खाल्लेत.”

शेफाली बाहेर आली. हिंदुराव गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. “मामा, तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते?”

“वाटले की.”

“म्हणजे आनंद झाला होता?”

“व्हय. आसंल.” ते पुढच्या कुंडीकडे वळले.

साडेतीनला संपादक आमोदचा फोन आला. “शेफालीताई, वाचक चहा पिताना वाचतो. त्याला एवढंच कळायला हवं, जावं की न जावं.”

“मलाच कळत नाहीये.”

“मग मध्यंतरापर्यंत जावं असं लिहू का आपण?”

अखेर तिनं तो प्रसंग दोन्हीकडे लिहिला. बलस्थानांमध्ये: ‘गावातला एकही माणूस नाही म्हणत नाही.’ उणिवांमध्येही तेच वाक्य, शब्दाचाही फरक न करता. ताऱ्यांची जागा मोकळी सोडली आणि मजकूर पाठवून दिला.

परीक्षण प्रसिद्ध झालं तेव्हा त्याला तीन तारे होते आणि ते वाक्य एकदाच होतं, उणिवांमध्ये. आमोदला वाटलं होतं, चुकून दोनदा चिकटलंय. ती चिडली. पण ते दुरुस्त करून घ्यायला फोन उचलला, तर नेमकं काय सांगायचं हे तिला सुचेना. तिनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुरावांनी चष्मा लावून तिच्या फोनवर परीक्षण वाचलं, एकेका शब्दावर थांबत. उणिवांमधल्या त्या वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“बरोबर लिवलंस,” ते म्हणाले. “कुणीतरी न्हाई म्हणाय पायजे व्हतं.”

“मामा, मला तसं म्हणायचं नव्हतं,” ती म्हणाली.

“मग कसं?”

आपल्याला कसं म्हणायचं होतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. फोन तिच्या हातात देत ते म्हणाले, “रविवारची दोन तिकिटं काढ. तुझ्या सासूला दाखवतो.”

“आवडला म्हणजे तुम्हाला?”

“काय की,” हिंदुराव म्हणाले. “तिला इचारतो.”

शेफालीनं तिकिटं काढली. सर्वांत मागची रांग घेतली, म्हणजे ते उभे राहिले तरी कुणाची हरकत नको.