मानवेतर मंडळी

बाईंनी खणाला खालून गुडघ्याने धक्का दिला आणि तो उघडल्याबरोबर नवीचं कार्ड बाहेर काढलं. जेवणाची सुट्टी होती, खोलीत कोणी नव्हतं. चोरीच होती ती, दुसरं काय!

शब्दकोशाच्या या कचेरीत बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. 'अ'पासून 'भ'पर्यंतची हजारो कार्डं त्यांच्या हातची. आणि सहा महिन्यांपूर्वी आलेली ही बया, जिला अजून सगळे 'नवी'च म्हणत, तिने 'म' सुरू होताच संपादकांना खिशात घातलं होतं. 'मठ्ठ' घ्या, 'मनधरणी' घ्या, कोशात छापायला जाणारं उदाहरणाचं वाक्य नवीचंच. "हिच्या वाक्यात जीव आहे," संपादक म्हणत आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड होई. कौतुक सुरू झालं, की त्या मुद्दाम पेन्सिलीला टोक करायला पलीकडच्या खोलीत जात. वाक्य काय होतं, ते त्यांनी एकदाही कानावर पडू दिलं नव्हतं.

आजचा शब्द होता 'मानवेतर', माणसाखेरीज इतर. बाईंनी अर्थ चोख लिहिला होता आणि खाली उदाहरण दिलं होतं, 'मानवेतर प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास व्हायला हवा.'

"चूक काही नाही, बाई," संपादक सकाळी म्हणाले होते. "पण असं बोलतं कोण? नवीचंही कार्ड खणात ठेवलंय. जेवणानंतर दोन्ही बघू. एकच जाईल."

ते एकच कोणतं, हे बाईंनी ठरवून टाकलं होतं. खणाच्या मागच्या फटीत पडलेलं कार्ड कपाट मोडल्याशिवाय निघत नाही. नवीला वाटेल, आपणच कुठेतरी हरवलं.

फटीत सोडण्याआधी त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं. जीव आहे म्हणे! बघू तरी.

'आमच्या खोलीत माणसं तीन, बाकी सगळी मानवेतर मंडळी. पंखा कुरकुरतो, घड्याळ कुणाचं ऐकत नाही आणि खण तर दणका दिल्याशिवाय तोंडच उघडत नाही.'

बाईंना खुदकन हसू आलं. मग ते ओठांवरच थांबलं. त्यांनी कार्ड उलटलं.

वाक्य कुठून मिळालं, ते मागे लिहायची रीत होती. पुस्तकातलं असेल तर पान, ऐकलेलं असेल तर बोलणारा कोण ते. ही रीत बाईंनीच घालून दिलेली. पण हल्ली कार्ड उलटायचे कष्ट कोणी घेत नसे. संपादकही नाही.

'ऐकलेलं. बाई, बहिणीशी फोनवर.'

त्यांनी 'मनधरणी' काढलं. 'ऐकलेलं. बाई, पंख्याशी.' मग 'मठ्ठ'. 'ऐकलेलं. बाई, घड्याळाला किल्ली देताना.'

बाईंनी तिन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. सहा महिने पोटात दुखत होतं ते नेमकं कुणाच्या नावाने? त्यांना राग यायला हवा होता. तो येईना. कितीतरी वर्षांत आपलं बोलणं कोणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं, एवढंच सारखं मनात येत राहिलं.

मग त्यांनी एक कार्ड फटीत सोडलंच. प्राण्यांच्या वर्तनाचं.

दाराबाहेर पावलं वाजली. बाईंनी उरलेली कार्डं घाईघाईने आत टाकली आणि खण लोटला. तो अर्ध्यावर अडकून बसला.

"मी लावू का, बाई?" नवी आत येत म्हणाली.

"राहू दे. तो माझंच ऐकतो."

नवी आपल्या टेबलापाशी बसली. बाईंच्या ओठांवर नेहमीचं पुटपुटणं आलं होतं, ते त्यांनी क्षणभर धरून ठेवलं. नवीच्या हातात पेन्सिल आली का, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं.

"सव्वीस वर्षं नखरे सोसले हो तुझे," त्या खणाला म्हणाल्या, एकेक शब्द सुटा करत, अगदी सावकाश. "आता मुकाट्याने आत जा, मेल्या."