सगळे हात एकदम

"तुझी ओळ झाली की हात आवर, शेजारणीची होऊ दे," मला मागावर बसवताना आई सांगायची. आमच्या वस्तीत घरोघरी गालिचे विणतात. एका मागाला चौघी बसतात, आणि चौघींच्या गाठी मारून झाल्याशिवाय ओळीवर फणी ठोकता येत नाही. एकटीच पुढे पळाली तर तिचा कुणाला उपयोग नाही.

पुढे मी इथल्याच शाळेत शिक्षिका झाले. नोकरी कायम होणं तपासणीसाहेबांच्या शेऱ्यावर होतं.

साहेब आले. "अठराला सातानं गुणा. कुणाला येतंय?"

एकही हात नाही. साहेबांच्या भुवया चढल्या. बाकाबाकांवर कुजबुज झाली, बोटं मोजून झाली आणि मग चाळीसच्या चाळीस हात एकदम वर!

"बाई, ही तर उघड कॉपी!" त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी मनातल्या मनात देवाला हाक मारली. म्हटलं, "साहेब, एकेकाला उभं करून बघा ना."

त्यांनी मुद्दाम सगळ्यात बावरलेली मुलगी निवडली. "सतरा गुणिले सहा?"

"सहा दाहे साठ, सहा साते बेचाळीस. एकशे दोन."

"मग मघाशी आधी हात वर का नाही केलास?"

"हिचं व्हायचं होतं ना!" तिनं शेजारणीकडे बोट केलं. "आधी केला असता तर सगळे हावरट म्हणाले असते."

साहेब मटकन खुर्चीत बसले आणि हसायलाच लागले. "आमच्याकडे बाबा जेवताना विचारायचे, आज पहिला हात कुणाचा? माझा नसला की घास उतरत नसे. पन्नाशी आली, अजून लिफ्टचं बटण मीच आधी दाबतो!"

वर्ग खो खो हसला. 'बाईंना कायम करावं,' साहेबांनी तिथंच लिहिलं. माझे डोळे भरून आले.

मग त्यांनी शेऱ्यांच्या वहीचं मागचं पान उलटलं आणि त्यांचं हसू ओसरलं. "सोमवारी पलीकडच्या शाळेत अशाच हातांवर मी 'कॉपी' लिहून आलोय. तिथल्या बाईही कायम व्हायच्यात."

"मग आता?" मघाच्याच मुलीनं विचारलं.

"खोडतो. आजच. शब्द दिला."

दारात गाडी उभी होती. ड्रायव्हरनं जेवणाची आठवण करून दिली. "तू जेवून घे," साहेब त्याला म्हणाले, वही काखेत मारली आणि पायीच पलीकडच्या शाळेच्या वाटेला लागले.