निसवलेल्या भातातली बदके

शरदचंद्रांना वादात हरवणारा माणूस कॅनडातल्या रेजिना शहराच्या मराठी मंडळात अद्याप कुणी पाहिला नव्हता. सभेच्या वृत्तांतातला स्वल्पविराम असो की मोदकाच्या उकडीतले पाणी असो, शेवटचा शब्द त्यांचा असे. आणि तो बहुधा बरोबरही असे, हे लोकांचे खरे दुखणे होते. म्हणून फुमिकोबाईंनी न्याहारीला चहा ओतता ओतता, "बदकं शनिवारी जातील," असे सांगितले, तेव्हा हाही वाद आपण जिंकू, असे त्यांनी मनाशी धरून टाकले.

"जातील म्हणजे कुठे?"

"गावातला माणूस येऊन कापतो. दर वर्षीसारखं."

ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत, तळ्याकाठच्या एका लहान गावाच्या वरच्या अंगाला, फुमिकोबाईंची भाताची चार खाचरे होती. जपानमधले आपले डोंगरातले गाव सोडून त्या आणि त्यांचे यजमान तरुणपणी इकडे आले, ते थंडीला टिकणारे बियाणे आणि तिथली शेतीची रीत बरोबर घेऊन. रीत अशी, की लावणी उरकली की बदकांची पिल्ले खाचरात सोडायची. ती तण खातात, किडे टिपतात, पायांनी चिखल ढवळतात; मग ना खत विकत आणावे लागते, ना औषध. यजमान वारल्यापासून फुमिकोबाई दर उन्हाळ्यात स्वयंसेवक बोलावीत. यंदा जूनमध्ये शरदचंद्र आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई आले होते.

शरदचंद्र जन्माचे शाकाहारी, वाटेतल्या मुंगीलाही वळसा घालून जाणारे. पिल्ले पाण्यात सोडली होती ती त्यांनीच, आणि दोन महिने ती त्यांच्या हाकेला धावत आली होती. पुढे भात निसवले, पहिल्या लोंब्या बाहेर डोकावल्या, तशी फुमिकोबाईंनी बदके खुराड्यात कोंडली. का, ते शरदचंद्रांनी विचारले नाही. ठाऊक नसलेल्या गोष्टीचे कारण विचारण्यापेक्षा तिच्यावर मत देणे त्यांना अधिक सोपे जाई.

"दोन महिने ज्यांच्याकडून राबवून घेतलं, त्यांनाच कापायचं?" ते म्हणाले.

"हिवाळ्यात ती जगणार नाहीत."

"ते निसर्गाला ठरवू द्या."

"शरद-सान, तुम्ही फार छान बोलता," फुमिकोबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

ज्याला समोरून उत्तरच येत नाही, तो वाद जिंकायचा कसा? ते दिवसभर धुमसत राहिले.

"अहो, ज्यांच्या घरी राहतो, त्यांच्या ताटात काय असावं ते आपण सांगू नये," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"प्रश्न ताटाचा नाही, तत्त्वाचा आहे."

"आमच्या मालवणात घरी तत्त्वं नव्हती, मासे होते. सगळे सुखात होते."

गुरुवारी दुपारी दोघी ग्रोसरी आणायला गावात गेल्या. शरदचंद्र खुराड्यापाशी आले. खाली ओढा होता, ओढा तळ्याला मिळत होता, आणि तळ्यावर रानबदकांचे थवेच्या थवे उतरत. सगळा हिशेब त्यांनी मांडून ठेवला होता. रेजिनातल्या भारतीय दुकानातून आणलेल्या चुरमुऱ्यांची पिशवी फोडून त्यांनी खुराड्यापासून ओढ्यापर्यंत एक बारीक रेघ ओढली, दाराची कडी काढली, आणि पाठ फिरवून तडक खोलीत येऊन आडवे झाले. ज्या कृत्याचा त्यांना अभिमान वाटत होता, ते पुरते होईपर्यंत तिथे उभे राहण्याचे धैर्य मात्र त्यांना झाले नाही.

जाग आली ती प्रमिलाबाईंच्या ओरडण्याने. बदकांनी चार पावले चुरमुरे टिपले होते आणि मग ती आपल्या एकुलत्या एका ओळखीच्या घरी गेली होती. खालच्या दोन खाचरांत भात आडवे पडले होते. दाण्यात नुकते दूध भरू लागले होते. त्या कोवळ्या लोंब्या बदकांनी ओरबाडून फस्त केल्या होत्या. निसवलेल्या भातातून बदके का काढतात, ते शरदचंद्रांना आता न विचारताच कळले.

फुमिकोबाई भाताकडे पाहत नव्हत्या. त्या खुराड्याच्या दाराकडे पाहत होत्या.

"सकाळी दाणे मीच घातले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कडी मीच..." आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

त्या हाताचा अर्थ त्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. वसंतात एकदा गॅस चालू राहिला होता. व्हँकुव्हरला राहणारी त्यांची लेक एरिका तेव्हापासून म्हणत होती, की शेत विकून टाक आणि माझ्याजवळच्या कॉन्डोत ये; आणि आणखी एकदा असे काही झाले तर आपण येऊ, असा शब्द आईने दिला होता. एरिका उद्याच यायची होती.

बोलण्याची वेळ हीच होती. शरदचंद्रांनी तोंड उघडलेही. बाहेर पडले ते एवढेच: "मी जाऊन त्यांना हाकून आणतो."

शुक्रवारी जेवणावर एरिकाने तो विषय काढला. ती रागावली नव्हती, आणि त्यामुळे ऐकणे अधिकच जड जात होते.

"आई, आपलं ठरलं होतं ना?"

"हो. मला आठवतंय सगळं," फुमिकोबाई ताटाकडे पाहत म्हणाल्या. "कडी हातात धरली होती. तेवढ्यात प्रमिलाने हाक मारली, आणि मी ती तशीच सोडली."

प्रमिलाबाईंनी हाक मारलीच नव्हती. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिले. शरदचंद्र भाताचे एक शीत चॉपस्टिकने इकडून तिकडे सारत होते.

खोलीचे दार लोटताच त्या म्हणाल्या, "तुम्हीच सोडलीत ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कालपासून तुम्ही कुणाचं एक वाक्य खोडलं नाहीत. मघाशी ती पोरगी आपल्या रेजिनाऐवजी सस्काटूनला सस्कॅचवनची राजधानी म्हणाली, तरी गप्प! तेव्हाच ओळखलं."

"अगं, मी सांगणार आहे. योग्य वेळ बघून."

"ती बाई न घडलेलं आठवायला लागलीय, आणि तुम्ही वेळ बघताय?"

शनिवारी सकाळी शरदचंद्रांनी उभे राहून, मंडळाच्या सभेत राहत तसे उभे राहून, सांगितले: कडी मी काढली. एरिकाच्या डोळ्यांत पाणी आले. "तुम्ही फार चांगले आहात," ती म्हणाली. "पण असं पांघरूण घालून माझ्या आईचं भलं होणार नाही."

"नको, शरद-सान," फुमिकोबाई म्हणाल्या. "माझी चूक पाहुण्याने अंगावर घ्यायची नाही."

आपल्या सभ्यतेच्या लौकिकाचा एवढा राग शरदचंद्रांना कधी आला नव्हता. मग त्यांनी वाद घातला. मुद्देसूद, पुराव्यानिशी, आक्षेप येण्याआधीच खोडून काढत. दोघींना ओढ्यापाशी नेऊन त्यांनी गवतात दवाने फुगलेले चुरमुरे दाखवले, खोलीतून फोडलेली पिशवी आणली, गुरुवारी फुमिकोबाई आणि प्रमिलाबाई गावात गेल्या तेव्हा आपण कुठे होतो ते सांगितले. शेवटी विरोधी बाजू गप्प झाली. वाद त्यांनी जिंकला होता, आणि मान वर करण्याची त्यांची छाती होत नव्हती.

"म्हणजे कडी तू विसरली नव्हतीस," एरिका आईला म्हणाली. क्षणभर तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "पण तुला आठवलं, आई. हात, कडी, हाक, सगळं आठवलं. मला तर याचीच जास्त भीती वाटते."

"ते माझ्यामुळे झालं!" शरदचंद्र म्हणाले. "मी गप्प बसलो म्हणून. त्यांची स्मृती उत्तम आहे, दोन महिने मी रोज पाहतोय, मी खात्रीने सांगतो..."

"तुमच्या खात्रीवर मी विश्वास कसा ठेवू?" एरिकाने विचारले. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवे होते.

फुमिकोबाईंनी वाकून गवतातला एक चुरमुरा उचलला. मग म्हणाल्या, "भात पुढच्या वर्षी येईल. पण दोन रात्री मी स्वतःला समजावत होते, की आता तू म्हातारी झालीस, आता तुझा भरवसा नाही. भिंतीपलीकडे तुम्ही होतात, शरद-सान."

गावातला माणूस ठरल्याप्रमाणे आला आणि बदके गेली. कापणीपर्यंत राहशील का, असे फुमिकोबाईंनी प्रमिलाबाईंना विचारले. मराठीत नसला, तरी तो प्रश्न एकवचनी होता हे शरदचंद्रांना कळले. रविवारी सकाळी त्यांनी आपली बॅग गाडीत ठेवली. फुमिकोबाईंनी दारात येऊन, प्रत्येक स्वयंसेवकाला करीत तसा, कमरेत वाकून नमस्कार केला; ना कमी, ना जास्त. हातात प्रवासासाठी डबा आणि थर्मास दिला.

पर्वत ओलांडून अल्बर्टात शिरल्यावर रस्त्याकडेच्या एका बाकावर त्यांनी थर्मास उघडला. पहिल्या घोटालाच ते थबकले. जपानी सूप माशाच्या पाण्यावर करतात. त्यांच्यासाठी मात्र ते वेगळ्या भांड्यात, नुसत्या समुद्री शेवाळाच्या पाण्यावर व्हायचे. दोन महिन्यांत एकदाही भांड्यांची अदलाबदल झाली नव्हती. कालच्या दिवसानंतर आजही नाही.

फुमिकोबाईंच्या स्मृतीचा हा खरा पुरावा, हा खरा मुद्दा! तो काल सुचला कसा नाही? त्यांनी घाईघाईने फोन लावला.

"अगं, ऐक, एरिकाला सांग. सुपाचं सांग. दोन भांडी..."

"ते मी कालच सांगितलं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुम्ही बॅग भरत होतात तेव्हा. आईला हा हिवाळा इथेच काढू दे, म्हणालीय एरिका. वसंतात बघू म्हणाली."

शरदचंद्र बाकावर टेकले. त्यांनी थर्मासचे झाकण घट्ट लावले.

"फुमिकोबाई काही म्हणाल्या?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. प्रमिलाबाई बहुधा बांधावर उभ्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "गाडी हळू चालवा."