सॉनात आधी कोण जातं

औने ही बाई मला पहिल्यापासून खटकत होती.

योआकिम लिंडरूसचा प्रबंध होता उत्तरेकडच्या ओस पडत चाललेल्या गावांत मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांवर. मी त्याची मार्गदर्शक. चार हिवाळे तो त्या गावांतून हिंडला आणि लोकांना बोलतं करून आला. नावं अर्थातच बदललेली, ते तर आमच्या धंद्याचं सोवळंच आहे. गाव बदलायचं, वय पुढेमागे करायचं, कुणाचा कुत्रा असेल तर मांजर करायचं. माणूस शेजाऱ्यालाही ओळखू येता कामा नये.

बाकीची मंडळी माणसांसारखी बोलत होती. गुडघे, बर्फ, बंद झालेली बस. औने मात्र अशी बोलायची की वाचता वाचता पेन्सिल खाली ठेवावी. नवरा गेल्यावर हिवाळा लागला तशी ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एका जुनाट आरामखुर्चीत झोपायची, कारण पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे तिला बघवत नव्हतं. ख्रिसमसला मुलगा आला, तांपेरे शहरातला बडा इंजिनियर. त्यानं फ्रिज पुसला, तारीख उलटलेले डबे फेकले आणि ती खुर्ची कळकट दिसली म्हणून गाडीत घालून कचरा डेपोवर टाकून आला. वर नवी आणून दिली. 'मी काही बोलले नाही,' औने म्हणते. 'तो दिवसभर जगाच्या अडचणी सोडवतो. माझी विचारायची राहून गेली.'

वा! माझं अख्खं आयुष्य मुलाखती घेण्यात गेलंय. माणसं इतकं नेटकं बोलत नाहीत. मी समासात लिहिलं, 'असा मुलगा जगात असतो का?' आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

तेव्हा नुसती पाल चुकचुकली होती. जाहीर परीक्षा तोंडावर आली, छापलेला प्रबंध मी शेवटचा म्हणून वाचायला घेतला, आणि चोर सापडला. औने शनिवारच्या सॉनाबद्दल, म्हणजे घराशेजारच्या लाकडी खोलीतल्या वाफेच्या स्नानाबद्दल, सांगत होती. 'आम्ही आधी जायचो, दगड लालबुंद असताना. मग दुसरी मंडळी.' मी पुस्तक मिटून ठेवलं. तिचं गाव बदललेलं असलं तरी भाग कैनूचाच ठेवलेला, आणि मीही कैनूतल्याच खेड्यात वाढले. आमच्याकडे सॉनात आधी पुरुष जातात. कडक वाफ त्यांची. बायका भांडी आवरून, पोरांना घेऊन मागाहून, उरल्या उबेत. माझ्या आजीला आधी जायला सांगितलं असतं तर तिला ते चोरी केल्यासारखं वाटलं असतं. कैनूतली त्या वयाची कुठलीही बाई ते वाक्य बोलणं शक्य नव्हतं. हेलसिंकीत फ्लॅटमध्ये वाढलेला, बटण दाबून सॉना तापवणारा एखादा पोरगा मात्र ते सहज लिहून गेला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावलं.

"योआकिम, ही औने कोण?"

"कोण म्हणजे? औने."

"मला तिची मुलाखत ऐकायचीय."

त्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला. इतका की मला मनातून बरं वाटलं. म्हणजे नेम बरोबर लागला होता.

"ऐकता येणार नाही, सिर्क्कू. ध्वनिमुद्रण मी सोडून कुणी ऐकायचं नाही, असं ठरलंय."

"बाकी सगळ्यांची मी ऐकलीयत. हिलाच काय सोनं लागलंय?"

"तिनं तसं मागून घेतलं. अर्ध्यातून. मी शब्द दिलाय."

"अर्ध्यातून? का?"

तो माझ्या खिडकीतल्या कुंडीकडे बघत राहिला. "तेही सांगता येणार नाही."

"अरे, काहीतरी तर सांग! बाईला सॉनात आधी पाठवलंयस तू. तिकडचं शेंबडं पोर हसेल तुला!"

त्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तक ओढून ते पान काढलं आणि वाचून हळूच, जवळजवळ स्वतःशीच, "अरे देवा," म्हणाला. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसं म्हणतो तसं. मी त्याला सांगून टाकलं की हे प्रकरण मी असंच सोडणार नाही. तो उठला, दारापर्यंत गेला, परत वळला.

"सिर्क्कू, तुला मी लबाड वाटतो?"

"सध्या वाटतोस."

त्या रविवारी मी बाबाला फोन केला. बाबा, विल्हो मोइलानेन, जंगलात ओंडके तोडायचं यंत्र चालवून निवृत्त झालेला, आमच्या जुन्या घरात एकटा राहतो. तिकडचे सगळेच कमी बोलतात, पण बाबा त्यातही कंजूष. आमचा रविवारचा फोन हवा आणि तब्येत यांत आटोपतो.

"बाबा, आपल्याकडे सॉनात आधी कोण जातं?"

"पुरुष. तुला माहीत नाही?"

"मला माहितेय रे. एक विद्यार्थी मला शेंडी लावतोय. पुस्तकात एक म्हातारी बनवून ठेवलीय त्यानं. औने म्हणे! अथपासून इतिपर्यंत खोटी."

पलीकडे किटली शेगडीवरून उतरवल्याचा आवाज आला.

"खोटी कशावरून?" बाबानं विचारलं.

"तिचा तो मुलगा! येतो, फ्रिज पुसतो, आईची झोपायची खुर्ची फेकून देतो आणि निघून जातो. इतका दगड कुणी असतो का?"

"असेल," बाबा म्हणाला. "मग आता त्या पोराचं काय होणार?"

"पदवी जाईल. आणि परत कुठल्या विद्यापीठात कुणी दारात उभं करणार नाही."

"असं," बाबा म्हणाला. "इथे सरोवरावरचा बर्फ गेला." आणि त्यानं फोन ठेवला.

परीक्षा थांबवायची तर मला पुरावा लागला असता, आणि माझ्याकडे होता एक सॉना. शेवटी मी केलं ते असं. आमच्याकडे प्रबंधाची चिरफाड करायला बाहेरून एक प्राध्यापक येतो, त्याला विरोधकच म्हणतात. या वेळी आन्नुक्का रैत्तिला होती, वाघीण. सकाळच्या कॉफीला मी तिच्या कानावर घातलं, "औनेवर जरा थांब. मला तिथे पाणी मुरताना दिसतंय." अध्यक्षस्थानी मीच बसणार होते, म्हणजे हे माझ्याकडून शोभणारं नव्हतं. तरी मी बोलले.

एरवी आम्ही सगळे एकमेकांना नावानं, अरेतुरे. पण त्या दिवशी काळे कपडे चढले की सगळे महोदय आणि महोदया. योआकिम पुढे, मग मी, मग आन्नुक्का, असे आम्ही सभागृहात शिरलो आणि लोक उभे राहिले. मी बसताना समोर नजर टाकली आणि गडबडलेच. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, बाबा. आईच्या दफनाला घातलेला सूट, गुडघ्यावर टोपी. डोळे तपासायला शहरात आला असेल आणि मला बघायला डोकावला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. परीक्षा सगळ्यांना खुली असते. पण बाबा न सांगता कधी कुठे जात नाही, आणि मनात ती पाल पुन्हा चुकचुकली.

आन्नुक्कानं सुरुवात सावकाश केली. मग औनेवर आली.

"महाशय, आपला अर्धा निष्कर्ष या एका बाईच्या खांद्यावर उभा आहे. आपण मार्गदर्शकांनाही तिचा आवाज ऐकू दिलेला नाही. आणि ती कैनूतली असून सॉनात पुरुषांच्या आधी जाते. ही बाई आहे, असं आम्ही कशावरून मानायचं?"

"सॉनाची चूक माझी आहे, महोदया," योआकिम म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "बाकी मी काही सांगू शकत नाही."

"सांगू शकत नाही की सांगण्यासारखं नाही?"

"सांगणार नाही."

सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेत त्याची आई बसली होती, तिनं पर्स पोटाशी धरली. आन्नुक्का उभी राहिली आणि म्हणाली की ती आज शिफारस करणार नाही, निर्णय मागाहून लेखी देईल. याचा अर्थ काय ते आत बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

मग रिवाजाप्रमाणे योआकिम लोकांकडे वळला आणि म्हणाला की ज्या कुणाला या प्रबंधावर आक्षेप असेल त्यांनी अध्यक्षांकडे परवानगी मागावी. हे नुसतं म्हणायचं असतं. कुणी उठत नाही, सगळे केककडे पळतात.

शेवटच्या रांगेत बाबा उठला.

"अध्यक्ष महोदया, मला बोलायचंय."

माझ्या बापानं मला महोदया म्हटलं. माझ्या तोंडून कसाबसा शब्द निघाला, "बोला."

"मोइलानेन. निवृत्त आहे." तो टोपी हातात फिरवत होता. "पुस्तकात चूक आहे. ती औने सॉनात आधी जाते म्हणून लिहिलंय. आमच्याकडे बायका आधी जात नाहीत. पोरगा शहरातला, त्याला काय कळतंय. त्याच्याकडे विजेचा असेल."

सभागृह हसलं. योआकिम हसला नाही. त्यानं टेबलाची कड घट्ट धरली होती आणि तो बाबाकडे बघून अगदी बारीक मान हलवत होता, नको, नको म्हणून.

"तेवढं दुरुस्त करावं. बाकी सगळं औनेचंच आहे, शब्दन् शब्द. मी तिला ओळखतो. जन्मापासून."

"तिच्या संमतीनं बोलताय ना?" आन्नुक्कानं विचारलं.

"विचारलं तिला. आधी नको म्हणत होती. मग म्हणाली, आपल्यापायी पोराचं वाटोळं नको."

आणि तो खाली बसला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. आईच्या दफनालासुद्धा नाही.

मी अध्यक्षांच्या खुर्चीत बसले होते आणि कुणीतरी माझ्या हातातलं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवावं तसं सगळं एकेक करून उलटत गेलं. कुत्र्याचं मांजर केलेलं. बापाची आई केलेली, म्हणून ती सॉनात आधी. मुलीचा मुलगा केलेला. आडनाव मी नवऱ्याचं लावते, तेव्हा सुरुवातीला योआकिमला कळणारच नव्हतं, आणि कळलं तेव्हा बाबानं त्याच्याकडून शब्द घेतला. आणि ती खुर्ची. खुर्ची नव्हतीच. आई गेली त्या वर्षी ख्रिसमसला मी घरी गेले तर सॉनाच्या कपडे बदलायच्या खोलीत पट्ट्यापट्ट्यांची जुनी गादी पसरलेली होती. उंदरांनी खाल्लेली अडगळ, मला वाटलं. मीच ती गुंडाळून गाडीत घातली. बाबा पायरीवर उभा राहून बघत होता. फ्रिजही मीच पुसला होता. समासातल्या त्या दोन रेघा मला आठवल्या आणि तोंड लपवावंसं वाटलं.

आन्नुक्का पुन्हा उठली आणि म्हणाली की साक्षीदार तिला पुरेसा वाटतो, ती प्रबंध मंजूर करायची शिफारस करते. टाळ्या झाल्या. मी परीक्षा संपल्याचं जाहीर केलं, आवाज कुठून आला कोण जाणे.

बाहेर योआकिम मला गाठायला आला. "सिर्क्कू, मी तुला..."

"मला काही कळलेलं नाही," मी म्हणाले. "आणि कळणारही नाही. तू शब्द दिलायस ना? मग पाळ. आणि तू लबाड नाहीस. ते मी चुकले."

तो तिथेच रडला. त्याच्या आईला वाटलं आनंदानं.

आमच्याकडे संध्याकाळी विरोधकाच्या मानाचं जेवण असतं, आणि जो श्रोता उठून आक्षेप घेतो त्यालाही बोलवावं लागतं. त्यामुळे बाबा जेवायला आला आणि माझ्याशेजारी बसला. खिडकीबाहेर, इकडे या दिवसांत रात्री उशिरापर्यंत असतं तसं, लख्ख ऊन होतं. भाषणं चालली होती. त्यानं मासा नीट काटे काढून खाल्ला. मी मात्र काट्यानं बटाटा नुसता इकडून तिकडे करत होते. विचारायचं होतं आणि विचारायची सोय नव्हती. ज्यानं मुलाखत दिली त्याचं नाव ओळखलं तरी तोंडावर आणायचं नाही, हे मीच आजवर पोरांना शिकवत आले.

तरी मला राहवेना. "बाबा, त्या गादीचं..."

"कुठली गादी?"

"सॉनातली."

बाबानं ब्रेडचा तुकडा मोडला, लोणी लावलं, सावकाश, कडेपर्यंत.

"मला काय ठाऊक?" तो म्हणाला. "औनेला विचार."

मी त्याच्याकडे बघितलं. तो बशीकडे बघत होता, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. मी काटा खाली ठेवला. मुलाखत घेताना ठेवते तसा, आवाज न करता.

"औने," मी म्हणाले, "त्या हिवाळ्यात तिथे झोप लागायची का?"

पलीकडे कुणाचं तरी भाषण संपलं, लोकांनी पेले उचलले. आमचे दोघांचे तसेच राहिले.

"शनिवारी लागायची," बाबा म्हणाला. "रविवारीपण. भिंतींत ऊब राहते ना. आणि तिचा वास. ती नेहमी मागाहून जायची, तो टिकायचा." त्यानं ब्रेड खाली ठेवला. "मंगळवारनंतर अवघड जायचं. पण मग शनिवार येतोच की."

मी खुर्ची जरा त्याच्याकडे वळवली. त्याला आणखी सांगायचं होतं.